सूचक आणि अनुमोदक: लीना फर्ग्युसन यांच्या अर्जाचं प्रकरण

न्यू जर्सीत आमच्या ओळखीचं एक घर आहे. वडील कऱ्हाडचे, आई पेनसिल्व्हेनियातल्या जुन्या शेतकरी घराण्यातली. त्यांच्या मुलीला अठरा पूर्ण झाली तेव्हा आईच्या आईने तिच्यापुढे एक कोरा अर्ज ठेवला. ‘डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन’ या संस्थेचा. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाला ज्यांनी हातभार लावला, त्यांच्या थेट वंशातल्या स्त्रियांची ही संस्था. सगळे तिला डीएआर म्हणतात. आजी स्वतः सभासद. मी गेली काही वर्षं इथल्या कुटुंबांना वंशावळी जुळवायला मदत करते, म्हणून पोरगी अर्ज घेऊन माझ्याकडे आली. कुठला दाखला कुठून मागवायचा असं काहीतरी विचारेल, असं मला वाटलं होतं. तिने विचारलं ते निराळंच.

“काकू, कागद सगळे आहेत. पण माझं आडनाव आणि माझा रंग बघून मला घेतील ना?”

आज घेतात, हे मी तिला लगेच सांगितलं. पण हा ‘आज’ आपोआप उगवलेला नाही. तो कसा आला हे सांगायचं तर १९८४ साली वॉशिंग्टनमध्ये गाजलेलं लीना फर्ग्युसन या कृष्णवर्णीय बाईंचं प्रकरण उघडावं लागतं. त्या संध्याकाळी चहा निवून गेला तरी आम्ही दोघी त्यावरच बोलत होतो. तेच इथे सविस्तर मांडते आहे.

आधी अर्जाचा ढाचा

अर्ज कसा असतो हे समजल्याशिवाय प्रकरणातली गाठ कळत नाही. पहिल्या ओळीत अर्जदार बाई स्वतः: मी अमुक यांची मुलगी, त्यांचा जन्म अमुक गावी, अमुक तारखेला. त्याखाली एकेक पिढी मागे जायचं. पुढची प्रत्येक ओळ ‘सदर’ने सुरू होते. सदर अमुक हे तमुक आणि त्यांची पत्नी यांचं अपत्य. असं ‘सदर, सदर’ करत सहा-सात पिढ्या उतरलं की शेवटच्या ओळीत तो माणूस येतो, ज्याच्या नावावर सभासदत्व मागायचं आहे. प्रत्येक पिढीचा जन्म, लग्न, मृत्यू; त्यांची तारीख आणि ठिकाण; आणि हा त्याचाच मुलगा, ही तिचीच मुलगी, असं सांगणारा कागद. आईकडून गेलात काय, वडिलांकडून गेलात काय, दोन्ही चालतं. नातं मात्र रक्ताचंच लागतं, दत्तक घराण्याच्या नावावर अर्ज करता येत नाही.

पूर्वज सैनिकच हवा असं नाही. गावच्या समितीवर बसलेला, फौजेला धान्य आणि गुरं पुरवलेला, नव्या राज्याशी निष्ठेची शपथ घेतलेला, जखमींवर उपचार केलेला, हे सगळे ‘देशभक्त’ म्हणून धरले जातात. फक्त ती सेवा १९ एप्रिल १७७५ ते २६ नोव्हेंबर १७८३ या काळातली हवी. पहिली तारीख लेक्सिंग्टन आणि कॉन्कॉर्डला पहिल्या गोळ्या झडल्या त्या दिवसाची. दुसरी, इंग्रज फौज न्यूयॉर्क सोडून गेली त्याच्या दुसऱ्या दिवसाची.

पुरावे गोळा करताना माणूस जेरीला येतो, हे मी स्वतः करते म्हणून सांगते. मॅसॅच्युसेट्समध्ये गावोगावी सतराव्या शतकापासून जन्ममृत्यूच्या नोंदी सापडतात. पेनसिल्व्हेनियात राज्यभर सक्तीची नोंदणी सुरू झाली ती १९०६ मध्ये. शिरगणती १७९० पासून दर दहा वर्षांनी झाली, पण १८४० पर्यंत तिच्यात फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असतं. बायको आणि मुलं म्हणजे रकान्यातले आकडे. सगळ्यांची नावं १८५० पासून येतात, आणि प्रमुखाशी नातं काय हे १८८० पासून. १८९० च्या शिरगणतीचे बहुतेक कागद १९२१ च्या आगीनंतर हाती उरलेच नाहीत. मग माणूस मृत्युपत्रं धुंडाळतो, जमिनीची खरेदीखतं, चर्चची वही, थडग्यावरची अक्षरं.

या सगळ्यात पेन्शनच्या फायली मला सर्वांत जिव्हाळ्याच्या वाटतात. १८३२ च्या कायद्याने म्हाताऱ्या सैनिकांना कोर्टात उभं राहून आपली हकिकत शपथेवर सांगता आली, त्यानंतर विधवांनाही अर्ज करायची सोय झाली. युद्धखात्याचे कागद १८०० च्या आगीत जळून गेले होते, त्यामुळे सरकारलाही या माणसांच्या आठवणींवरच भिस्त ठेवावी लागली. लग्नाचा दाखला नसलेल्या बायांनी घरच्या बायबलमधली मुलांच्या जन्मतारखांची पानं फाडून अर्जासोबत धाडली. ती पानं परत गेली नाहीत. आजही वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात फाईलला जोडलेली आहेत. फाटलेली कड, चार वेगवेगळ्या शायांत लिहिलेली मुलांची नावं, एखाद्या नावापुढे लगेच पुढच्या वर्षीची मृत्यूची तारीख. असं पान पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला काही वेळ पुढचं काम करवलं नाही.

हे सगळं जमलं तरी १९८० च्या सुमारास एक पायरी उरत होती. सभासदत्व शाखेतून मिळायचं. शाखेतल्या दोन सभासद बायांनी अर्जावर सही करायची, एक सूचक, एक अनुमोदक. आणि अर्जदार संस्थेला व्यक्ती म्हणून मान्य असायला हवी, असा नियम होता.

म्हणजे अर्जाचे दोन भाग. पहिल्यात कागद बोलतो, आणि तो खोटा असेल तर खोटा म्हणून दाखवता येतो. दुसऱ्यात माणसं बोलतात, आणि काय बोलली याची नोंद कुठेच राहत नाही. लीना फर्ग्युसन यांचं प्रकरण सगळं या दुसऱ्या भागात घडलं.

बंद दारापुढे जन्मलेली संस्था

डीएआरचा जन्मच नाकारलं गेल्याच्या चिडीतून झालेला आहे. १८८९ मध्ये पुरुषांची ‘सन्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन’ ही संस्था निघाली आणि पुढच्याच वर्षी तिने स्त्रियांना प्रवेश नाही असं ठरवलं. तेव्हा मेरी लॉकवुड यांनी जुलै १८९० मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये एक लेख लिहिला. त्यात त्यांनी न्यू जर्सीतल्या हॅना आर्नेट या बाईची गोष्ट सांगितली. इंग्रजांची माफी घ्यावी का, असा विचार करत बसलेल्या पुरुषांना तिने भर बैठकीत शिरून सुनावलं होतं. या क्रांतीला पितेच होते का, आया नव्हत्या का, असा लॉकवुड यांचा सवाल होता. त्याच वर्षी ११ ऑक्टोबरला वॉशिंग्टनमध्ये डीएआरची रीतसर स्थापना झाली. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी कॅरोलाइन हॅरिसन पहिल्या अध्यक्ष झाल्या.

इतक्या नेमक्या रागातून उभी राहिलेली संस्था पुढच्या पन्नास वर्षांत दुसऱ्यांसाठी तेच दार लावून घेते, हे मला फार लागतं. १९३९ मध्ये हॉवर्ड विद्यापीठाने कृष्णवर्णीय गायिका मरियन अँडरसन यांच्या कार्यक्रमासाठी डीएआरचं कॉन्स्टिट्यूशन हॉल मागितलं. वॉशिंग्टनमध्ये तेवढं मोठं सभागृह दुसरं नव्हतं. सभागृहाच्या भाडेकरारात फक्त गोऱ्या कलाकारांनाच परवानगी असल्याचं कलम होतं, आणि त्यावर बोट ठेवून नकार दिला गेला. तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलेनॉर रूझवेल्ट स्वतः डीएआरच्या सभासद होत्या. त्यांनी राजीनामा दिला. ९ एप्रिल १९३९ च्या ईस्टर रविवारी अँडरसन लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर उभ्या राहून गायल्या, समोर ७५,००० माणसं होती. पुढे १९४३ मध्ये युद्धनिधीसाठी त्या त्याच कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये गायल्या. सभागृहाचं दार असं हळूहळू किलकिलं झालं, पण सभासदत्वाची गोष्ट वेगळी होती.

तिथे पहिली मोठी बातमी आली १९७७ मध्ये. डेट्रॉइटच्या कॅरन फार्मर या कृष्णवर्णीय बाईंना आपल्या घराण्याचा शोध घेताना पेनसिल्व्हेनियाच्या लष्करी पथकात असलेले विल्यम हूड हे पूर्वज सापडले. हूड आयर्लंडहून आलेले, गोरे. त्यांच्या वंशातल्या एका गोऱ्या मुलीने कृष्णवर्णीय माणसाशी लग्न केलं, आणि ती रेघ कॅरनपर्यंत आली. मिशिगनमधल्या एका शाखेने त्यांना रीतसर घेतलं. बातमी देशभर गेली. झालं, आता हा प्रश्न मिटला, असं अनेकांना वाटलं असणार.

मावशी आणि भाचा

लीना सँटोस फर्ग्युसन वॉशिंग्टनमध्ये राहायच्या, एका शाळेच्या कचेरीत सेक्रेटरी होत्या. जन्म १९२८ चा. त्यांचा भाचा मॉरिस बार्बोझा वकील. घराण्याचा माग काढत तो मेन राज्यातल्या जोना गे या गोऱ्या देशभक्तापर्यंत पोचला. मेन त्या काळी मॅसॅच्युसेट्सचाच भाग होता, ते वेगळं राज्य झालं १८२० मध्ये. बार्बोझांनी १९८० मध्ये ‘सन्स’मध्ये प्रवेश मिळवला आणि मावशीला म्हटलं, तूही अर्ज कर.

पूर्वज एकच, कागद तेच. भाच्याला मिळालेलं सभासदत्व मावशीला मिळेना.

लीनाबाईंच्या वंशावळीत खोट निघाली नव्हती. अडलं ते शाखेपाशी. वॉशिंग्टनच्या ‘मेरी वॉशिंग्टन’ शाखेत त्यांना जायचं होतं. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या आईच्या नावाची ही शाखा. तिथे अर्ज पुढे सरकेना. कोणी ‘नाही’ असं तोंडावर म्हणायचं नाही, आणि ‘हो’ही म्हणायचं नाही. वर्षं जात राहिली. अखेर त्यांना कुठल्याही शाखेशिवायची, थेट राष्ट्रीय संस्थेची सभासद करून घेण्यात आलं.

इथेच बहुतेक माणसं थांबली असती. नाव नोंदलं गेलं, पूर्वज मान्य झाला, प्रमाणपत्र मिळालं, आणखी काय हवं? पण शाखा नसली म्हणजे काय, ते पाहायला हवं. महिन्याची बैठक शाखेची. थडग्यांची देखभाल, शाळेतल्या निबंधस्पर्धा, जखमी सैनिकांना भेटी, ही सगळी कामं शाखा करते. वार्षिक अधिवेशनात प्रतिनिधी जातात तेही शाखेचे. शाखा नसलेली सभासद म्हणजे पंगतीत नाव आहे, पण पान मांडलेलं नाही. लीनाबाईंना हे पुरतं कळत होतं, म्हणून त्या शाखेच्या मागणीवरून हलल्या नाहीत. आपल्या आईवडिलांचा मान राखायचा आहे, आपल्या रक्तातल्या काळ्या आणि गोऱ्या दोन्ही वारशांचा मान राखायचा आहे, असं त्यांनी सांगितलं होतं. मला या वाक्यातलं ‘दोन्ही’ महत्त्वाचं वाटतं. जोना गेंच्या नावावर त्या आत जात होत्या, पण त्यासाठी उरलेलं घराणं उंबऱ्याबाहेर ठेवायची त्यांची तयारी नव्हती.

शाखेतल्या दोन गोऱ्या सभासद बायांनी त्यांची बाजू घेतली. हेही सांगायलाच हवं, कारण नियम तसा दोन सह्यांचाच होता. आपल्याच मैत्रिणींच्या बैठकीत, वर्षानुवर्षं ज्यांच्या शेजारी बसून चहा घेतला त्यांच्यासमोर, ही सही मी करते असं म्हणायला धैर्य लागतं. पण सह्या करणाऱ्या मिळूनही प्रश्न सुटला नाही.

मार्च १९८४

मार्च १९८४ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये रोनाल्ड केस्लर यांची बातमी आली: कृष्णवर्णीय बाईला स्थानिक डीएआरमध्ये प्रवेश मिळत नाही. चौऱ्याण्णव वर्षांपूर्वी ज्या वर्तमानपत्रातून डीएआरची मागणी पुढे आली, त्याच वर्तमानपत्रात.

डीएआरच्या तेव्हाच्या राष्ट्रीय अध्यक्ष सेरा किंग यांनी केस्लर यांना दिलेलं उत्तर या प्रकरणाचा गाभा आहे. संस्थेच्या ३,००० हून जास्त शाखांपैकी काही शाखा कृष्णवर्णीयांना घेत नाहीत, हे त्यांनी मान्य केलं. मग म्हणाल्या, की शाखा लोकांना नाकारतात त्याची कारणं पुष्कळ असतात: कोणाचा घटस्फोट झालेला असतो, कोणाशी आकस असतो, शेजाऱ्यांचं पटत नसतं. काळं असणं हे कारण त्या यादीत फार खाली येतं. काही माणसं कटकट करणारी असतात, ती आत नकोतच.

हे उत्तर मी कितीदा तरी वाचलं आहे. त्यात लबाडी आहे असं मला वाटत नाही. उलट, किंगबाई जे खरोखर चालत होतं तेच मोकळेपणाने सांगत होत्या. पुरावा पूर्ण असलेल्या बाईला शेजारणीच्या नावडीवरून परत पाठवता येतं, हे त्यांना गैर वाटलं नाही, कारण शाखा म्हणजे एकमेकींना ओळखणाऱ्या बायकांचं मंडळ, अशीच सवय होती. पण देशाच्या जन्मात कोणाच्या पूर्वजाचा वाटा होता, हे ठरवणारी संस्था आणि आवडत्या मैत्रिणींचं मंडळ या दोन गोष्टी एकाच दारामागे नांदू शकत नाहीत. राष्ट्राच्या नावाने दाखला देणाऱ्याने शेजारणीला विचारून तो देऊ नये. आणि वर्णभेदाला यापेक्षा सोयीची जागा कुठली? तो कधी स्वतःच्या नावाने येतच नाही. ‘आमच्यात मिसळणार नाही’, ‘जरा त्रासदायक वाटते’, ‘आत्ता शाखेत जागा नाही’, या शब्दांतून येतो. यादीत तो खाली दिसतो, कारण वरच्या प्रत्येक कारणात त्याला शिरता येतं.

बातमीनंतर गदारोळ झाला. वॉशिंग्टनच्या नगर परिषदेने संस्थेच्या मर्मावर बोट ठेवलं. डीएआरचं मुख्यालय व्हाइट हाऊसपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, चारी बाजूंना रस्ते असलेला एक अख्खा भूखंड व्यापून. या मिळकतीवरचा कर संस्थेला माफ होता. ती माफी काढून घेण्याची भाषा परिषदेत सुरू झाली. लोकांच्या पैशातून सवलत घ्यायची तर लोकांतल्या कोणाला रंगावरून बाहेर ठेवता येणार नाही, असा साधा हिशोब. नैतिक आवाहनं अनेक झाली होती, पण हा हिशोब लवकर समजला.

सेरा किंग यांनी आपलं म्हणणं बदललं. फर्ग्युसन यांचा अर्ज योग्य रीतीने हाताळला गेला नाही, हे त्यांनी कबूल केलं. लीनाबाईंना ‘मेरी वॉशिंग्टन’ शाखेत प्रवेश मिळाला. वंश किंवा धर्माच्या कारणावरून भेदभाव करता येणार नाही, अशी सुधारणा संस्थेच्या नियमांत झाली. क्रांतियुद्धातल्या कृष्णवर्णीयांच्या कामगिरीची दखल घेणारा ठरावही पुढे आला.

कागदांची परतफेड

लीनाबाई आणि बार्बोझा यांनी तडजोडीत एक मागणी अशी घातली, की तिच्यामुळे हे प्रकरण मला बाकीच्या अनेक प्रवेशलढ्यांपेक्षा मोठं वाटतं. क्रांतियुद्धात लढलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांची नावं संस्थेने स्वतः शोधावीत आणि छापावीत, असं त्यांनी मान्य करून घेतलं. वंशावळी शोधण्याची डीएआरइतकी ताकद देशात फार थोड्यांकडे आहे. मुख्यालयातलं तिचं ग्रंथालय त्यासाठीच नावाजलेलं आहे. ज्या हातांनी अर्ज अडवला, त्याच हातांना त्यांच्याच हातखंड्याचं काम दिलं गेलं.

याची गरज किती होती हे समजायला पुन्हा शिरगणतीकडे यावं लागतं. कॅरन फार्मर आणि लीना फर्ग्युसन, दोघींचे सिद्ध झालेले पूर्वज गोरे होते. हा योगायोग नाही. १८५० आणि १८६० च्या शिरगणतीत गुलामांची वेगळी यादी आहे. तिच्यात मालकाचं नाव आणि त्याखाली वय, लिंग, रंग. गुलामाचं स्वतःचं नाव बहुतेक कुठेच नाही. सुटका झालेल्या लाखो माणसांची नावं देशाच्या शिरगणतीत पहिल्यांदा आली ती १८७० मध्ये. ज्या शिडीची पायरी अन् पायरी कागदाने सिद्ध करायची, तिच्या मधल्या पायऱ्याच कोणी बनवल्या नव्हत्या. आणि तरीही युद्धात किमान पाच हजार कृष्णवर्णीय वसाहतींच्या बाजूने लढले असं इतिहासकार सांगतात. ऱ्होड आयलंडने तर १७७८ मध्ये गुलामांना सुटकेच्या बोलीवर पलटणीत भरती केलं.

कनेटिकटच्या एका कृष्णवर्णीय तुकडीची हजेरीपत्रकं पाहिली की मन भरून येतं. कफ लिबर्टी. पॉम्प लिबर्टी. कफ फ्रीडम. डिक फ्रीडम. ज्यूबा फ्रीमन. आडनाव म्हणून स्वातंत्र्य. मालकाचं आडनाव टाकून दिल्यावर पलटणीच्या कारकुनाने विचारलं असेल, पुढे काय लिहू? आणि त्यांनी जे मागायला आले होते तेच लिहवून घेतलं.

हे काम सावकाश चाललं. आधी राज्यवार छोट्या पुस्तिका आल्या, २००१ मध्ये एकत्र ग्रंथ आला, आणि २००८ मध्ये ‘फर्गॉटन पेट्रिअट्स’ या नावाने त्याची मोठी आवृत्ती. तिच्यात ६,६०० हून जास्त आफ्रिकी, मूळ अमेरिकी आणि मिश्र वंशाच्या देशभक्तांची नावं आहेत. कोणाचं फक्त पाळण्यातलं नाव, कोणापुढे फक्त ‘निग्रो’ एवढाच शेरा, पण गाव आणि पलटण दिलेली. एखाद्या कृष्णवर्णीय मुलीच्या आजीने सांगितलेल्या गोष्टीला ते गाव जुळलं, तर तिथून पुढे शोधता येतं. आता त्या मुलीला जोना गे किंवा विल्यम हूड यांच्यासारखा गोरा पूर्वजच सापडायला हवा असं राहिलेलं नाही.

बार्बोझांनी यापुढेही मोठं स्वप्न पाहिलं: वॉशिंग्टनच्या ‘नॅशनल मॉल’ या स्मारकांच्या मोठ्या मैदानावर या सैनिकांचं स्मारक. १९८६ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, त्याला परवानगी दिली. निधी पुरेसा उभा राहिला नाही, मुदती वाढत गेल्या आणि २००५ मध्ये ती परवानगी संपली. २०१३ मध्ये नवा कायदा होऊन पुन्हा परवानगी मिळाली. प्रकरणाचा हा भाग अपुरा आहे, आणि चाळीस वर्षं एकच माणूस त्यासाठी दारोदार फिरतो याची मला फार कदर वाटते.

लीनाबाई शाखेत आल्या आणि कामाला लागल्या. वॉशिंग्टनच्या डीएआरची शिष्यवृत्ती समिती त्यांनी सुरू केली आणि सांभाळली. आपल्यासारख्या इतर बायकांनी आपला इतिहास शोधावा, अर्ज करावेत, हे त्या सांगत राहिल्या. २००४ मध्ये त्या गेल्या. २०२३ मध्ये संस्थेने मुख्यालयात त्यांच्या सन्मानाचा फलक बसवला. ज्या मैत्रिणींच्या मंडळाला त्या नको होत्या, त्यांच्यातल्या किती जणी तोवर हयात होत्या कोण जाणे.

माझ्या टेबलावरचा अर्ज

हे सगळं ऐकून पोरगी बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारलं, “म्हणजे आता सूचक-अनुमोदक नसतात?” असतात, मी म्हटलं. शाखेतल्या दोघींच्या सह्या आजही लागतात, पण पुरावा पुरा असलेल्या बाईला वंशावरून किंवा धर्मावरून परत पाठवायचा अधिकार त्या सह्यांबरोबर येत नाही. तिची एक सही तर आजीचीच असेल. “दुसरी?” दुसरी मिळेल, शाखेच्या एका बैठकीला जाऊन बस. तिने मान हलवली, पण ती दुसरी सही तिच्या मनात राहिली हे मला दिसलं. मलाही वाटतं की ती तिने स्वतः जाऊन मिळवावी, आजीने आणून देऊ नये.

आजीचा अर्ज भक्कम पुराव्याचा होता, त्यामुळे आम्हाला वरच्या दोनच पिढ्या जोडायच्या होत्या. तिचा जन्मदाखला, आईचा जन्मदाखला, आईवडिलांच्या लग्नाचा दाखला. आजीच्या अर्जाची प्रत शेजारी ठेवून आम्ही लिहायला बसलो. आईकडची ओळ तिने भराभर भरली. पहिल्या ओळीत वडिलांचं नाव लिहायची वेळ आली तेव्हा तिने फोन लावला.

“बाबा, तुमचा जन्म कऱ्हाडलाच ना? आजोळी नाही ना झाला?”

पलीकडून उत्तर आलं, कऱ्हाडच, कृष्णेच्या अलीकडे, आपल्या जुन्या घरात, माजघरात. माजघराला अर्जात जागा नव्हती. तिने गाव लिहिलं, जिल्हा सातारा लिहिला, पुढे महाराष्ट्र, भारत. रकाना पुरेना, म्हणून अक्षरं बारीक करत करत कडेपर्यंत नेली. मग कागद माझ्याकडे वळवून म्हणाली, “काकू, स्पेलिंग एकदा बघा. वॉशिंग्टनला हे वाचता आलं पाहिजे.”